फळीवरचं मडकं

आये मुंबईला आली आणि दारातच उभी राहून तिने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पोटाला, मला नाही.

"कितवो म्हयनो?"

"आठवो सरलो, आये."

"मगे हंय बसान काय करतंस? चल, कपडे बांध. परवाच्या आगबोटीन जावचा आसा."

गाठोडं अजून तिच्या डोक्यावरच होतं. मी तांब्याभर पाणी पुढे केलं, ते तिने पायांवर ओतून घेतलं आणि आत पाऊल टाकता टाकता आमच्या त्या एका खणाच्या खोलीवर अशी नजर फिरवली, जणू बाजारात म्हाताऱ्या बैलाचे दात बघतेय. पसंत काही पडलं नाही. कौलं काळी, भिंत शेजारणीची आणि आमची एकच, अंगण तर नाहीच.

आये म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आये म्हणतात आणि एकेरीच बोलतात, तेव्हा मीही तसंच सांगते. तिच्या मुलाचं नाव मात्र मी जन्मात घेतलं नाही, आता सत्तरी गाठल्यावर कुठे घेऊ! ती लवू म्हणायची, तेवढं तुम्हाला पुरे.

आमचं गाव आंबेखोल, मालवणापासून बैलगाडीच्या वाटेवर. गावाची रीत अशी की बाप्यांनी मुंबईला गिरणीत जायचं आणि बायकांनी गावात राहून घर, गुरं, भातशेती बघायची. शिमग्याला नाहीतर गणपतीला बोट लागली की घरात बाप्याच्या वहाणा दिसायच्या, एरवी खुंटीवर नुसती पगडी. मुंबईत बाई कोणी नेत नसे. मी आले ती तापामुळे. यांना मुदतीचा ताप भरला, गाववाल्यांच्या खोलीतले सगळे दिवसभर गिरणीत, तोंडात पाणी घालायला कोणी नाही, म्हणून चुलत दिराबरोबर आगबोटीत बसून आले. पुढे ताप गेला. मी नाही गेले. लालबागेत चाळीतला एक खण घेतला आणि संसार मांडला.

गावात त्याची कुजबुज चालू होती म्हणे. पण पोटात मूल आल्यावर मात्र कुजबुज थांबली आणि आये निघाली. पहिलं बाळंतपण गावातच, ही गोष्ट तिने कोणाला विचारली नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आणि मला पक्कं ठाऊक होतं, की एकदा मूल घेऊन मी त्या घराच्या उंबऱ्याआत गेले की माझा संसार वर्षाकाठी एका बोटीएवढा उरणार. वैशाख चालू होता. पावसाळ्यात दर्या बंद झाला की गणपतीपर्यंत बोट नाही. म्हणजे गेले तर गेलेच.

यांच्याकडून आशा करण्यात अर्थ नव्हता. गिरणीत मुकादमाला उलट बोलतील, पण आवशीसमोर, म्हणजे आईसमोर, जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की भोंगा आणि दिवस मावळायला आला की भोंगा. त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि थोड्या वेळाने हे दारात उभे राहिले, केसांत, भुवयांत, मिशीत कापूसच कापूस.

आये त्यांच्याकडे बघतच राहिली.

"ह्यो रोज असोच घराक येता?" तिने मला विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

मला वाटलं, कापूस बघून तिला कसंतरी झालं असेल.

"लवू, परवा मी हिका घेवन जातंय," जेवताना ती म्हणाली.

"तू सांगतंस तसा, आये," हे ताटाकडे बघत म्हणाले.

मी भाकरी जरा जोरातच ताटात टाकली. त्यापलीकडे तेव्हा माझी धाव नव्हती.

कपडे मात्र मी बांधले नाहीत. आज बांधते, संध्याकाळी बांधते, असं करत बोटीची सकाळ उजाडली आणि तांबडं फुटायलाच कमरेतून पहिली कळ आली. शेजारची सगुणा धावली. ती कऱ्हाडकडची, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. त्या दिवशी तिने खाडा केला.

"आता कुठली आगबोट, म्हातारे?" तिने पदर खोचला. "प्वार निघालंय की हितंच उतराय!"

आये आधी तिच्यावर, मग माझ्यावर, मग चक्क पोटातल्यावर चिडली. चिडत चिडतच तिने पाणी तापवलं, माझी कंबर धरली आणि जन्मात कोणी घातल्या नसतील अशा शिव्या मला घालून धीर दिला. उन्हं चढायच्या आत मुलगा झाला. चांगला ठणठणीत. रडला तो असा, की चाळीच्या पलीकडच्या टोकाहून कोणीतरी ओरडलं, "भोंगा झाला का?"

खरी गंमत पुढे झाली. मुलापाठोपाठ वार पडली आणि सगुणा सहज म्हणाली, "चाळीच्या मागं मातीची भरणी चाललीया. थितंच खड्डा करून पुरू या."

"खबरदार!" आये कडाडली.

वार कुठे पुरायची ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. जिथे वार पुरली तिथे माणसाचा जीव ओढतो, असं मानतात. आयेने मुलाला छातीशी धरून सगुणेला ते समजावलं, म्हणजे दटावलंच.

"लवूची वार माज्या पायरेखाली आसा. तेच्या बापाशीची थंयच, आज्याचीय थंयच. म्हणान तर आमचे बाप्ये खंयय गेले तरी शिमग्याक घराक येतत. वार वढता तेंका."

सगुणा हात धूत म्हणाली, "आमचीबी गावच्याच मातीत हाय की गं, म्हातारे. दुष्काळ पडला तवा त्या मातीनं काय आमास्नी वढून धरलं न्हाई. भाईर ढकलून दिलं."

पण आये हट्ट सोडणारी नव्हे. तिने नवं मडकं आणवलं. तळाशी जाडं मीठ, मग वार, वर हळद, पुन्हा मीठ, तोंडाला केळीचं पान आणि त्यावर फडकं करकचून बांधलं. मडकं चढलं चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या आणि तिखटाच्या बरण्यांच्या रांगेत.

"बारसा झाला काय शेवटची बोट आसा," ती म्हणाली. "तेतूर तू, ह्यो आणि ह्या मडक्या. तिगांय घेवन जातलंय."

मी निजल्या निजल्या त्या मडक्याकडे बघायची. माझं सगळं पुढचं आयुष्य मीठ लावून फळीवर ठेवलं होतं आणि मी त्याला हातही लावू शकत नव्हते.

पण दिवस वाईट गेले असं कसं म्हणू? आयेने मला अळिवाची खीर घातली, शेक दिला, मुलाला पायांवर घेऊन असं न्हाऊ घातलं की तो सुखाने जांभया द्यायचा. आणि तिला एक मोठं प्रेमपात्र मिळालं, ते म्हणजे चाळीच्या तोंडाशी असलेला नळ. गावात पाणी आणायचं तर डोंगरउतारावरून खाली बावीवर जायचं आणि दोन कळशा घेऊन चढायचं. इथे चकती फिरवली की पाणी. पहिल्या दिवशी ती नळासमोर बसूनच राहिली.

"गो मथुरा, हेच्या पोटात पाणी तरी किती आसा?" तिने तिथूनच मला हाक मारली.

मग काय, घासलेली भांडी पुन्हा घासली जाऊ लागली. सगुणा म्हणायची, "म्हातारीला नळच बांधून द्या संगट. न्हाईतर बोटीत चढायची न्हाई ती." आये तिला हात उगारून दाखवायची आणि कळशी भरून तिच्याच दारात ठेवायची.

आणि रोज संध्याकाळी भोंगा झाला की मुलाला मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसायची. हे येत, हातपाय धूत, आणि जेवणाखाण्याच्या आधी मुलाला घेत. आये नुसती बघायची.

बारशाच्या आदल्या सुट्टीला गाववाल्यांच्या खोलीतले बाप्ये मूल बघायला आले. एका खोलीत पथाऱ्या टाकून राहणारी आणि खाणावळीत जेवणारी ही माणसं. आयेने गावाहून आणलेल्या कुळथाची पिठी आणि भात वाढला. त्यांच्यात बाबी म्हणून एक होता, जिभेचे फार लाड करणारा. जेवता जेवता त्याची नजर फळीवर गेली. वैशाखातले दिवस, फडकं बांधलेलं नवं मडकं, फडक्यावर हळदीचे डाग. त्याचा चेहरा उजळला.

"आयेन लोणचा हाडल्यान आणि आमच्यापासून लपवन ठेवल्यान!"

मी बाजेवर होते, ओरडेपर्यंत त्याने मडकं खाली घेऊन गाठ सोडायला घेतली.

"बाबल्या!" आये मागच्या दारातून धावली. "ठेव ता! हात मोडतलंय तुझो!"

"एक फोड दी गो आये. वरस झाला, कैरीची फोड तोंडात पडाक नाय."

"मेल्या, ती फोड नाय रे! वार आसा ती!"

बाबीने मडकं इतक्या हळू खाली ठेवलं, जणू आत झोपलेलं कोणी जागं होईल. सगुणा दारात उभी होती, ती हसून हसून खालीच बसली. हे हसले, बाकीचे हसले, माझ्या तर पोटात कळा येऊ लागल्या. बाबीने आमच्या घरी पुढे कधीही लोणचं मागितलं नाही.

हसू ओसरलं तेव्हा त्याने हात धुऊन मुलाला मांडीवर घेतलं.

"लवू, तू नशीबवान रे," तो म्हणाला. "माझो झील माका बघल्यान काय आवशीच्या पाठी लपता. खाऊ देवन देवन तेका जवळ करतंय आणि तो मांडयेर बसाक लागलो, की माझी बोट सुटता. पुढच्या शिमग्याक परत तो लपता."

आयेने मडकं उचलून पुन्हा फळीवर ठेवलं, पण त्याआधी फडक्याची गाठ तिच्या हातून दोनदा सुटली.

बारसं झालं. बोटीच्या आदल्या संध्याकाळी आयेचं गाठोडं बांधून तयार होतं. मूल किरकिरत होतं. भोंगा झाला. मी चुलीपाशी बसले होते, आणि मला कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हणाले, "आये, मी येवचंय नाय."

आयुष्यात तिला दिलेलं हे माझं पहिलं उलट उत्तर. वाटलं, आता चाळ गोळा होणार.

"माका म्हायत आसा," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "मी इल्या दिसापासून सांगतंय, कपडे बांध. तू एक लुगडा घडी करूक नाय."

तेवढ्यात हे आले. आल्या आल्या "काय झाला रे माज्या झिलाक?" एवढंच म्हणाले, आणि आयेच्या मांडीवर किरकिरणारं मूल गप्प झालं. मान वळवायचं बळ नव्हतं त्याला, पण आवाजाच्या दिशेने त्याचे डोळे फिरले.

आये ते बघत होती.

"बापाशीचो आवाज वळखता ह्यो," ती म्हणाली.

"वळखता," मी म्हटलं.

"लवूय लपा," ती एकदम म्हणाली. "बाबल्याच्या झिलासारखो. ह्येचो बापूस धक्क्यावरना घराक येय, तर ह्यो माजो पदर धरून इचारी, आये, ह्यो पावणो कवा जातलो? बापूस ता ऐकी आणि हसान दाखय. रात्री माका म्हणा, येसू, माजोच झील माका पावणो म्हणता गो." ती थांबली. "आणि माका इचारशीत, तर दिस मावळताना माझो घो दारात इलेलो मी कधी बघूक नाय. म्हातारी झालंय तरी नाय. हंय येवन बघलंय, तोय झिलाक."

हे दारातच खाली बसले. आवशीने वडिलांबद्दल एवढं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आये उठली. तिने मूल त्यांच्या हातात दिलं आणि फळीवरचं मडकं खाली घेतलं.

"कुदळ खंय मेळात?"

"आये, बोट उद्या आसा," हे गोंधळून म्हणाले.

"म्हणानच आज इचारतंय."

चाळीच्या मागे पूर्वी खाजण होतं. भरतीचं पाणी यायचं. ते बुजवायला रोज गाड्याच्या गाड्या माती पडत होती, नव्या चाळी उठणार होत्या. उन्हं अजून पुरती गेली नव्हती. सगुणा कुदळ घेऊन पुढे, आये मडकं घेऊन मध्ये, हे मागे, आणि मी मूल घेऊन चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. बाळंतिणीने तेवढंही जायचं नसतं, पण त्या दिवशी मला कोणी अडवलं नाही.

आयेने मूठभर माती उचलून वास घेतला. तांबडी, काळी, खडे मिसळलेली.

"ही माती खंयची?"

"कुठली कुठली," सगुणा म्हणाली. "डोंगार फोडून आणत्यात, खाणीतनं आणत्यात. हितली कायबी न्हाई."

"म्हणजे हीय भायरनाच इली?"

"आपल्यावानीच की."

आयेने मान हलवली. "खण," ती यांना म्हणाली.

गाड्यांच्या वाटेपासून दूर, एका उंडिणीच्या झाडाच्या बुंध्याशी यांनी हातभर खोल खड्डा घेतला. आयेने मडकं आत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, माती लोटली आणि आपल्या लाडक्या नळाचं तांब्याभर पाणी वर ओतलं. मग जमिनीवर हात टेकून तिच्याशीच बोलली.

"बाये, तू माज्या वळखीची नाय. पण ह्या पोराक धरून ठेव. आणि पोराच्या बापाशीक पोरापासून लांब धाडू नको."

आये रडली नाही. मी रडले, मोकळेपणाने, आणि माझ्या रडण्यात दुःख नावालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बोटीत चढली. "गावात काय सांगतलंस?" यांनी विचारलं. "काय सांगतलंय? वार हंय ऱ्हवली, सून हंय ऱ्हवली," ती म्हणाली, आणि गाठोड्यावर बसून तिने पान काढलं.

परवा माझा नातू मोठ्याने धडा पाठ करत होता. गेल्या शतकात शहरं का वाढली, तर गिरण्या निघाल्या, आगगाडी आली, दुष्काळ पडले, म्हणून लोक शहरात आले. खोटं त्यात काही नाही. पण आंबेखोलचे बाप्ये गिरणी निघाल्यापासून येतच होते की! येत होते आणि जात होते. गिरणीने त्यांना बोलावलं. राहायला मात्र तिने सांगितलं नव्हतं.

त्या वर्षीची नारळी पुनव झाली, दर्या उघडला. गणपती गेल्यावर एका सकाळी चाळीच्या तोंडाशी गलका ऐकू आला म्हणून मी मुलाला कडेवर घेऊन बाहेर आले. आये! डोक्यावर तेच गाठोडं. पण तिच्यामागे आंबेखोलच्या सुनांची रांग होती, पदर दातांत धरून मुंबईकडे बघणाऱ्या. बाबीची बायको होती, तिला बिलगून त्यांचा मुलगा होता. आमच्या वरच्या वाडीतल्या एका घरची धाकटी सून तर आठव्यातली दिसत होती, पाय सुजलेले, चेहरा हसरा.

मी तांब्याभर पाणी पुढे केलं. आयेने ते पायांवर घेतलं, त्या पोरीच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली,

"गो मथुरा, हंय बरी मडकी खंय मेळतत?"